वेरूळ पायी पाहावं

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला येणारे बहुतेक पर्यटक कैलास पाहून परततात. कैलासाची थोरवी वादातीत आहे. पण सुमारे २ किलोमीटर कड्यावर पसरलेल्या ३४ लेण्यांचा अर्थ चालल्याखेरीज उमगत नाही, असं आमचं ठाम मत आहे. दक्षिणेकडून निघावं. दहाव्या लेण्याच्या छतात कोरलेल्या दगडी फासळ्या पाहिल्या, की लाकडी बांधकामाची घडण बेसॉल्टमध्ये कशी उतरली ते दिसतं. पुढे एकोणतिसावं लेणं, घारापुरीच्या मुख्य लेण्याशी आराखड्यात थेट नातं सांगणारं. पावसाळ्यात त्याच्या शेजारीच धबधबा कोसळतो. ही जागा निवडताना पाण्याचा विचार झाला असणार, हे तिथं उभं राहिल्यावर पटतं. मग उत्तर टोकाची जैन लेणी. बौद्ध, हिंदू, जैन हा शेजार पायांखालून गेला, की खरा कळतो.

ऊन फार, वयस्करांना झेपणार कसं, हा आक्षेप रास्तच. त्यांच्यासाठी वाहन हवंच. धडधाकटांनी मात्र श्रावणात, सकाळी लवकर, मंगळवारची सुट्टी टाळून यावं आणि निसरड्या पायऱ्या जपून उतराव्यात. गर्दीनं लेण्यांची झीज होईल म्हणणाऱ्यांनाही आमचं हेच सांगणं: सारी गर्दी एकट्या कैलासात कोंडण्यापेक्षा चौतीस लेण्यांत विखुरलेली बरी.