धावता धोटा आणि आमचे रसिक

हातमागाच्या कापडाविषयीं आमच्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे जें प्रेम उत्पन्न झालें आहे, त्याबद्दल आम्हांस वास्तविक आनंदच वाटावयास पाहिजे. परंतु हें प्रेम विणकरापेक्षां त्याच्या दारिद्र्यावरच अधिक बसलें आहे कीं काय, अशी शंका आम्हांस वारंवार येते. परवांच एका प्रदर्शनांत आमचे एक विद्वान् स्नेही मागावर बसलेल्या वृद्ध विणकराकडे पाहून गहिंवरले. म्हातारा एका हातानें धोटा फेकीत होता, दुसऱ्या हातानें झेलीत होता, आणि मग हात्या ओढून बाणा ठोकीत होता. “पाहिलेंत?” आमचे स्नेही म्हणाले, “हजार वर्षांत एक खुंटीसुद्धां बदललेली नाहीं!” जणूं न बदलणें हाच कांहीं मोठा गुण! आम्हीं त्या विणकरास हळूच विचारलें, “बाबा, घरींही असेंच विणतां काय?” तो हंसून म्हणाला, “छे हो साहेब, घरी दोरीचा धोटा आहे. असं विणत बसलं तर खायचं काय? इथं असंच विणून दाखवा म्हणून सांगितलंय.”

ही दोरीची युक्ति कांहीं कालपरवांची नव्हे. लँकेशायरांतील बरी गांवच्या जॉन के यानें १७३३ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं, ताण्याचे धागे वरखालीं होऊन जी फट पडते तींतून धोटा हातानेंच फेकावा लागे. त्यामुळें एकट्या विणकराच्या कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्याबाहेर जात नसे, व रुंद बनातीसाठीं मागाच्या दोन टोकांस दोन माणसें बसवावीं लागत. के यानें धोट्यास लहान चाकें लाविलीं, हात्यावर त्याला धांवावयास वाट करून दिली, वाटेच्या दोन्ही टोकांस पेट्या ठेविल्या, आणि त्यांतील ठोकळ्यांस दोऱ्या बांधून त्यांची मूठ विणकराच्या हातीं दिली. एक हिसका दिला कीं धोटा या टोकाचा त्या टोकास! दुसरा हात हात्या ओढावयास मोकळा. एवढ्याशा सुधारणेनें एका माणसाचें काम जवळजवळ दुप्पट झालें, आणि विणकरांस सूत पुरेनासें झालें. हारग्रीव्ह्ज, आर्कराइट व क्रॉम्प्टन यांचीं सूत काढण्याचीं यंत्रें त्यानंतरच्या अर्धशतकांत निघालीं, याचें एक कारण या टंचाईंत आहे.

के बिचारा मात्र भिकेस लागला. कारखानदारांनीं त्याची युक्ति उचलली, मोबदला बुडविला, आणि त्यानें फिर्यादी केल्या तेव्हां मंडळ्या स्थापून कोर्टाचा खर्च आपसांत वांटून घेतला. अखेर तो फ्रान्सांत निघून गेला. विणकरही त्याच्यावर संतापले होते, हें आमचे सुधारणाद्वेष्टे मित्र मोठ्या हौसेनें सांगतात. तें खरें आहे. त्या विणकरांस आम्ही मूर्खही म्हणणार नाहीं. दुप्पट विणावें आणि दर गजाची मजुरी निम्म्यावर यावी, तर ज्याच्या दंडास कळ लागते त्याच्या पदरांत काय पडलें? परंतु हा तंटा मजुरीचा आहे, दोरीचा नव्हे. सावकार लबाड निघाला म्हणून पाटी-पेन्सिल फोडण्याचा हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

आमच्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा धोटा पसरला. सोलापूरच्या पद्मसाळी विणकरांनीं तो हातीं घेतला. त्यायोगें त्यांचें लुगडें बाटलें असें त्या काळच्या गृहिणींस वाटलें नाहीं. फार काय, ज्या गांधीजींचें नांव घेऊन ही मंडळी प्रत्येक सुधारणेस नाक मुरडतात, त्यांच्याच चरखा संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें!

“मग विजेलाच कां भितां?” असें दुसऱ्या टोकाची मंडळी विचारतील. आम्ही भीत नाहीं. विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं इचलकरंजीस यंत्रमाग बसविला आणि त्या धंद्यावर गांव नांवारूपास आलें, याचा आम्हांसही अभिमान आहे. पण दोन गोष्टींत भेद आहे. धावत्या धोट्याची मूठ विणकराच्याच मुठींत राहते. माग त्याचा, घर त्याचें, वेग त्याचा. यंत्रमागावर मजूर एकाच वेळीं अनेक माग संभाळीत उभा असतो, आणि ते बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असतात. असलें कापड यंत्रमागाचें म्हणून विकावें, आमची तक्रार नाहीं. तें हातमागाचें म्हणून विकणें ही शुद्ध चोरी होय. कांहीं जातींचें कापड हातमागासाठींच राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीं झाला तो अशाच पायीं. त्याची अंमलबजावणी कशी होते हें बाजारांत हिंडणाऱ्यास सांगणें नको.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानें कबूल केली पाहिजे. येवल्याच्या पैठणीच्या पदरांत प्रत्येक रंगाची कांडी निराळी, धागे मोजून ती हातानेंच फिरवावयाची. तेथें धावता धोटा बिनकामाचा आहे. तो मोर हिशक्यानें उतरत नाहीं. तेव्हां सुधारणा कोठें करावी आणि कोठें हात आंवरावा, हें त्या विणकरास विचारावें. प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांस नव्हे, आणि आम्हां प्राध्यापकांस तर नव्हेच.

२०१९-२० सालच्या हातमाग गणनेंत पस्तीस लाखांवर माणसें या धंद्यांत आढळलीं, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. आणि त्यांच्या कुटुंबांपैकीं सुमारें दोन-तृतीयांशांची मासिक प्राप्ति पांच हजार रुपयांच्या आंत होती. ज्या घरांत एवढ्यांत महिना काढावयाचा, तेथें दिवसाकाठीं दोन हात कापड जास्त निघालें तर परंपरेस धक्का बसतो, असें म्हणणाऱ्याची जीभ तरी कशी उचलते?

त्या दिवशीं आमच्या स्नेह्यांनीं शेवटीं किंमत विचारली. म्हातारा म्हणाला, “अशी हातफेकीची हवी असेल तर वेळ लागतो, पैसे दुप्पट पडतील. घरची आहे ती दाखवू का?” पहिली त्यांस महाग वाटली, आणि दुसरी खरी वाटली नाहीं. ते रिकाम्या हातीं परतले.