हक्काची जागा

सार्वजनिक बसमध्ये चढणाऱ्या सर्व प्रवाशांचा हक्क सारखा मानला जातो. त्यांच्या गरजा मात्र सारख्या नसतात. जागा अपुरी असेल, तर ती कोणी कोणासाठी सोडावी? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु इंग्लंडमध्ये त्याच्या उत्तरासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये डग पॉली हे चाकांची खुर्ची वापरणारे गृहस्थ वेदरबी या गावाहून लीड्सला निघाले होते. पुढे आगगाडीने त्यांना आईवडिलांना भेटायला जायचे होते. बसमधील चाकांच्या खुर्चीच्या जागेत एका स्त्रीची बाबागाडी उभी होती आणि तीत मूल झोपलेले होते. चालकाने जागा सोडण्याची विनंती केली. बाबागाडीची घडी होत नाही, असे सांगून तिने नकार दिला. चालकाने त्यापुढे काही केले नाही. पॉली यांना ती बस सोडावी लागली.

त्या मातेला दोष देणे सोपे आहे. परंतु निजलेले मूल, हातातील सामान आणि हलती बस यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना तिची अडचण कळेल. तरीही दोघांच्या अडचणींत एक मूलभूत फरक आहे. मूल मांडीवर घेता येते. पुष्कळशा बाबागाड्यांची घडी घालता येते. खुर्ची हेच ज्याचे पाय आहेत, त्याला दुसरा मार्गच नसतो.

शिवाय ती जागा सहज मिळालेली नव्हती. ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी त्यासाठी स्वतःला साखळ्यांनी बसला बांधून घेऊन आंदोलने केली. १९९५ मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला. त्याखाली २००० साली केलेल्या नियमांनुसार नियमित मार्गांवरील मोठ्या बसमध्ये किमान १३० सेंटिमीटर लांब व ७५ सेंटिमीटर रुंद अशी जागा ठेवणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. पायऱ्या गेल्या, उतरती फळी आली. आणि त्यामुळेच बाबागाडीही घडी न घालता आत नेता येऊ लागली. एकाने झगडून उघडलेले दार दुसऱ्याच्याही उपयोगी पडले. अशा वेळी मूळ झगडणाराच दाराबाहेर राहावा, हे न्याय्य नव्हे.

जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही. नकार अवाजवी वाटल्यास चालकाने अधिक आग्रह धरावा, प्रसंगी काही मिनिटे बस थांबवून ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले. मात्र प्रवाशाला बळाने उतरवण्याचे बंधन चालकावर घातले नाही. कायद्याची मर्यादा येथे स्पष्ट होते. तो जागा आखून देऊ शकतो. ती सोडण्याची वृत्ती माणसांनाच जोपासावी लागते.

भारतात बसमध्ये बाबागाडी क्वचितच दिसते. मूल बहुधा कडेवर असते. येथील अडचण त्याही आधीची आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ याने वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तरी अनेक ठिकाणी उंच पायऱ्यांपाशीच चाकांची खुर्ची अडते. कुबड्या घेऊन कसाबसा कोणी वर चढलाच, तर राखीव आसनावरील धडधाकट प्रवासी खिडकीबाहेर पाहू लागतो.

ज्याला पर्याय आहे, त्याने ज्याला पर्याय नाही त्याला जागा द्यावी, हाच यातील साधा न्याय होय. पण जागा सोडणाऱ्या मातेलाही एकटे पाडू नये. कोणी तिची पिशवी धरावी, कोणी आसन द्यावे, कोणी बाबागाडीची घडी घालावी. दोन गरजवंतांत भांडण लागले असता बाकीच्यांनी केवळ प्रेक्षक होणे शोभत नाही. जागा त्यांच्याही जवळ असते.