हत्तीचा राग देवळावर

१७२७ मध्ये गोवळकोट-अंजनवेलचा अधिकारी सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. निमित्त सिद्दीकडे निघालेल्या एका हत्तीचं. तो मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे यांच्या माणसांनी अडवला, त्यात या देवस्थानाच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा हात असल्याचा सिद्दीला संशय आला आणि मार बसला देवस्थानाला. संशयावरून दिलेल्या या शिक्षेला अन्याय म्हणायला कुणी कचरणार नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे. स्वामींनी सिद्दीच्या पारिपत्याचा धोशा साताऱ्याच्या छत्रपतींकडे आणि पुण्याच्या पेशव्यांकडे लावला, १७३३ मध्ये सिद्दींचं मुख्य ठाणं असलेल्या जंजिऱ्यावर मोहीम निघाली आणि एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळ बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या फौजेने सिद्दी सातला ठार केलं. याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. लूट आणि मोहीम यांच्या मधे सहा वर्षं गेली होती. शिवाय मोहिमेचा मुहूर्त ठरवला तो जंजिऱ्याच्या गादीवरून पेटलेल्या भाऊबंदकीने. देवळाची जखम तोंडी लावायला होती, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, राज्यांच्या डोक्यावर कोतवाल नसतो. शासन न केल्यास लुटारू सोकावतो. मान्य. आपला फौजदारी कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर तो हक्कच नाकारतो. जिथे पोलिसच नाहीत, तिथे फिर्यादीच न्यायाधीश होतो, म्हणून अट अधिक कडक हवी: दंड गुन्हेगारालाच. सिद्दी सातचा रणातला मृत्यू या कसोटीला उतरतो. तीन वर्षांच्या मोहिमेत कोकणच्या रयतेने सोसलेलं मात्र उतरत नाही. तिने ना हत्ती अडवला होता, ना देऊळ लुटलं होतं.