श्रीमंत शहरातली मुलं

बेलव्ह्यूतल्या मराठी मंडळींत बालआरोग्याचा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं : "इथे कसली आलीय वाण? मदत करायचीच तर मेळघाटला पाठवू." मेळघाटला जरूर पाठवावी. पण वॉशिंग्टन सरोवराकाठचं हे शहर फक्त संगणक अभियंत्यांचं, हा समज चुकीचा आहे. आपली ऑफिसं झाडणारे, हॉटेलांत भांडी घासणारे लोकही क्रॉसरोड्ससारख्या भागांत भाड्याच्या घरांत मुलंबाळं घेऊन राहतात.

दुसरा युक्तिवाद असा, की इमर्जन्सीतून कुणालाच परत पाठवत नाहीत. खरं आहे, रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं 1986 च्या केंद्रीय कायद्याने रुग्णालयांना बंधनकारक आहे. पण दमा असलेल्या मुलाला रोजचा पंप लागतो, तो स्पेसर लावून कसा ओढायचा हे आईला दाखवणारी नर्स लागते, अधूनमधून छाती तपासणारा ओळखीचा डॉक्टर लागतो. रात्री दोनला लागलेली धाप इमर्जन्सी थांबवते. पुढच्या महिन्यातली धाप टाळणं तिच्या हातात नाही. वर बिल येतंच.

तिसरा आक्षेप कडवट आहे : कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांचा भार करदात्यांनी का उचलावा? कुठल्या घरात, कुठल्या कागदांनिशी जन्मायचं हे मूल ठरवत नाही. वॉशिंग्टन राज्याने 2007 मध्येच कायदा करून कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना, स्थलांतराचा दर्जा न पाहता, आरोग्यविम्याचं दार उघडलं. हे परक्यांचंच प्रकरण आहे, असंही समजू नये. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने 10,000 जणांची कपात जाहीर केली. नोकरी गेली की व्हिसाबरोबर मुलांचा विमाही टांगणीला लागतो, हे आपल्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे.

मग कायदा असताना अडतं कुठे? अर्जात नाव दिलं की सरकारच्या नजरेत येऊ, ही भीती. तासावर राबणाऱ्या बापाला दुपारच्या अपॉइंटमेंटसाठी बुडवावी लागणारी मजुरी. आणि इंग्रजी न येणाऱ्या आईसाठी डॉक्टरांपुढे दुभाष्याचं काम करणारं तिचंच दहा वर्षांचं लेकरू. योजना कागदावर असणं आणि उपचार पदरात पडणं यांतलं अंतर माणसंच भरून काढतात.

याचा पुरावा आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच स्त्रियांना घरोघरी जाऊन बाळं तपासायला शिकवलं. त्या 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. इकडे सिएटलमध्ये ओडेसा ब्राउन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने आपल्या वस्तीतच मुलांचा दवाखाना हवा, असा आग्रह धरला. तिच्या पश्चात, 1970 मध्ये, तो तिच्याच नावाने उभा राहिला.

म्हणून मागणी स्पष्ट आहे : वस्तीत दवाखाना, संध्याकाळच्या वेळा, प्रशिक्षित दुभाषे आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका. आपला वाटाही उचलण्याजोगा आहे. मुलांच्या या राज्य सरकारी विम्याचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या मंडपात अर्ज भरून देणारं एक टेबल मांडावं, आणि त्यावर कुठल्याही भाषेच्या आईला बसायला खुर्ची द्यावी.