पराभवानंतरचा पत्रव्यवहार

राजकीय विरोधकाशी संवाद राखणे म्हणजे तत्त्वच्युती नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रनिर्मात्यांपैकी जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या समितीत दोघे सहकारी होते. १८०० च्या कडवट निवडणुकीत जेफरसन यांनी अध्यक्ष अ‍ॅडम्स यांचा पराभव केला. शपथविधीलाही न थांबता अ‍ॅडम्स यांनी राजधानी सोडली आणि अबोला दशकभर टिकला.

डॉ. बेंजामिन रश या समान स्नेह्याच्या मध्यस्थीनंतर, १ जानेवारी १८१२ रोजी पराभूत अ‍ॅडम्स यांनीच प्रथम लेखणी उचलली. पुढे १८२६ पर्यंत दीडशेहून अधिक पत्रे झाली. समाजाचे नेतृत्व गुणवंतांकडे जाते की धनवान घराण्यांकडे, यावर दोघे हिरिरीने भांडले. मते सोडली नाहीत, पण परस्परांचा युक्तिवाद पूर्ण ऐकला. गुलामगिरीविषयी मात्र दोघांनीही हात राखूनच लिहिले. तोच प्रश्न १८६१ मध्ये यादवी युद्ध होऊन उभा राहिला.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, ४ जुलै १८२६ रोजी, दोघांनीही देह ठेवला. त्यांच्या पत्रांचा बोध दुहेरी आहे: विरोधकाशी बोलावे, आणि जे बोलणे अवघड वाटते तेही टाळू नये.