सडा विकायचा आणि टँकर मागायचा?

केरीत नळ कोरडा पडला की आपण सरकारला धारेवर धरतो. धरावेच. पण गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जातो कुठे, हे कोणी विचारीत नाही.

आपला सडा जांभ्याचा, सच्छिद्र. पावसाळाभर तो पाणी पितो. खालच्या चिकणमातीपाशी ते अडते आणि पायथ्याला झर होऊन बाहेर पडते. त्यावरच आपल्या विहिरी, पोफळी, वायंगण. रान तोडून सडा सिमेंटने लिंपला की तेच पाणी वरच्या वर तेरेखोलात आणि तिथून समुद्रात. मोपा विमानतळासाठी ५४ हजारांवर झाडांचा हिशेब झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण दाखला रोखला, जानेवारी २०२० मध्ये मोकळा केला. २०२४ साली तर ३९अ कलमाने अर्जागणिक झोन बदलण्याची वाट करून दिली.

पण त्या आधीच्या खरेदीखतावर सही कोणाची? घेणारा दिल्ली-मुंबईचा बिल्डर, विकणारे आपणच, वाडवडिलांच्या काजूबागांचे वारस. मी बँकेत बसतो, अशा ठेवी पाहतो. ठेवीला व्याज येते, विहिरीला नाही.

किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत की, असे कोणी म्हणतील. वाळूतला सुरू सड्याचे काम करीत नाही.

येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: झोन बदलाच्या प्रत्येक अर्जाबरोबर त्या जमिनीच्या पायथ्याशी असलेल्या झरींचा आणि विहिरींचा नकाशा हवा.