केसपेपरवरील शब्दांचे अर्थ

उमरखेड परिसरात एखाद्याच्या मानेला किंवा काखेत गाठ आली, तर तपासणी गावातील दवाखान्यापासून सुरू होते. गरज पडल्यास रुग्ण पैनगंगा ओलांडून नांदेडला जातो, किंवा यवतमाळ, नागपूर, प्रसंगी मुंबईचे टाटा रुग्णालय गाठतो. ठिकाणे आणि डॉक्टर बदलतात. कागदांची पिशवी मात्र रुग्णाबरोबर राहते. घरी आल्यावर शिकलेला मुलगा किंवा सून ते कागद वाचून दाखवते. एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला, तर घर विनाकारण हादरते किंवा विनाकारण निश्चिंत होते. लिम्फोमा या आजारात दोन्ही गोष्टी घडतात. या कर्करोगाचे अनेक प्रकार उपचारांनी बरे होऊ शकतात. म्हणून त्याचे कागद समजून घेणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

शब्द फोडून वाचावा

वैद्यकीय शब्द लांब दिसतात, पण ते सामासिक शब्दांसारखे जोडलेले असतात. ‘लिम्फ’ म्हणजे लसीका, शरीरात रक्ताप्रमाणेच स्वतंत्र वाहिन्यांतून फिरणारा द्रव. शब्दाच्या शेवटी ‘ओमा’ आले की बहुधा अर्बुद समजावे. लसीका पेशींचे अर्बुद म्हणजे लिम्फोमा. ‘ॲडेनो’ म्हणजे ग्रंथी आणि ‘पथी’ म्हणजे विकार. म्हणून ‘लिम्फॅडेनोपथी’ म्हणजे लसीका ग्रंथी सुजणे. ‘मेगॅली’ म्हणजे वाढ. ‘स्प्लेनोमेगॅली’ म्हणजे वाढलेली पांथरी. ‘पीनिया’ म्हणजे उणीव. ‘न्यूट्रोपीनिया’ म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची उणीव.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ‘लिम्फॅडेनोपथी’ हे निदान नव्हे, ते केवळ वर्णन आहे. आपल्याकडे मानेच्या गाठींचे एक नेहमीचे कारण क्षयरोग आहे. जुन्या पिढीचा ‘गंडमाळ’ हा शब्द याच दुखण्यासाठी वापरला जाई. क्षयाची औषधे सुरू असताना पुढे लिम्फोमा निघाल्याची उदाहरणे डॉक्टरांना परिचित आहेत. निर्णय देते ती बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. म्हणून पिशवीतील सर्वांत मोलाचा कागद बायोप्सीचा. त्याची मूळ प्रत जपावी.

नाव आणि टप्पा

लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथी व पांथरी वाढलेल्या सात रुग्णांच्या नोंदी मांडल्या. पुढे १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी या आजाराला हॉजकिन यांचे नाव दिले. आज लिम्फोमाचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे गट मानतात. दोहोंची औषधे वेगळी असतात. त्यामुळे शेजारच्या रुग्णाच्या कागदाशी आपल्या कागदाची तुलना करू नये.

‘स्टेज’ या शब्दाने सर्वाधिक भीती निर्माण होते. १९७१ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे ठरलेली पद्धत पुढे सुधारणांसह रूढ झाली. एकाच भागातील ग्रंथी बाधित असल्यास टप्पा पहिला. छाती व पोट वेगळे करणाऱ्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा अधिक भाग असल्यास दुसरा, दोन्ही बाजूंना असल्यास तिसरा. अस्थिमज्जा, यकृत यांसारख्या अवयवांत आजार पसरला असल्यास चौथा. पुढे ‘बी’ अक्षर असल्यास ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, किंवा सहा महिन्यांत वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट, यांपैकी काही आढळले असा अर्थ. ‘ए’ म्हणजे यांतील काहीही नाही. लिम्फोमात चौथा टप्पा म्हणजे उपाय संपले असे नव्हे. या टप्प्यातील रुग्णही बरे होतात.

रोजची नोंद

उपचार चालू असताना डॉक्टर प्रगतीची नोंद लिहितात. अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात तिला शिस्त लावली : रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून निष्कर्ष काय आणि पुढे काय करायचे. हे चार भाग ओळखले की अर्धा कागद उलगडतो. पुढील ओळी कोणा एका रुग्णाच्या नाहीत. अशा कागदांवर नेहमी दिसणारे शब्द येथे एकत्र केले आहेत :

‘आर-चॉप, सायकल थ्री, डे वन. अफेब्राइल. नो पाल्पेबल नोड्स. चेस्ट अनरिमार्केबल. एचबीएसएजी निगेटिव्ह. पार्शल रिस्पॉन्स. प्लॅन : कंटिन्यू, टोटल सिक्स सायकल्स.’

‘अफेब्राइल’ म्हणजे ताप नाही. ‘नो पाल्पेबल नोड्स’ म्हणजे हाताला गाठ लागत नाही. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे नोंद घेण्यासारखा दोष नाही; हा शब्द चांगला आहे. ‘निगेटिव्ह’ ऐकून मन खट्टू होते. येथे त्याचा अर्थ हिपॅटायटिस बी या काविळीचा संसर्ग आढळला नाही, इतकाच. ही तपासणी महत्त्वाची, कारण ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब या औषधाने दबलेला तो संसर्ग पुन्हा उसळू शकतो. ‘चॉप’ ही सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन यांची मिळून झालेली खूण. यांतील दोन औषधे जुन्या नावांच्या आद्याक्षरांनी तिच्यात आली आहेत. ‘सायकल’ म्हणजे आवर्तन, बहुधा एकवीस दिवसांचे.

तीन ओळी ज्या चुकवू नयेत

पहिली ‘फेब्राइल न्यूट्रोपीनिया’. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आलेला ताप साधा समजू नये. केमोथेरपी चालू असताना थर्मामीटर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दाखवत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मोठे रुग्णालय दूर असलेल्या गावात वाहनाची आणि दूरध्वनी क्रमांकांची सोय आधीच करून ठेवावी.

दुसरी ‘हायड्रेशन’, म्हणजे पुरेसे पाणी. सायक्लोफॉस्फमाइडने मूत्राशयाला इजा होऊ शकते. भरपूर पाण्याने तो धोका कमी होतो. चौविहार पाळणाऱ्या किंवा पर्युषणात निर्जल उपवास करणाऱ्या रुग्णाने हे व्रत डॉक्टरांना आधी सांगावे. औषध सकाळी देता येईल का, दिवसाउजेडी किती पाणी पुरेल, हे तेच ठरवू शकतात. आजारपणातील सवलतीविषयी गुरूंना विचारताना पाण्याचे कारणही त्यांना सांगावे. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग असतो. लाली त्यापुढेही टिकली किंवा जळजळ झाली, तर कळवावे.

तिसरी ‘रिस्पॉन्स’. ‘पार्शल’ म्हणजे अंशतः प्रतिसाद, ‘कम्प्लीट’ म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही. दोन आवर्तनांतच गाठ नाहीशी होते, अन्नाला चव येते, आणि घरात विचार सुरू होतो : आता पुन्हा इतक्या दूर कशाला जायचे? हाताला न लागणारा आजार शरीरात उरलेला असू शकतो. उपचार अर्धवट सोडल्यास तो परततो, आणि तेव्हा तो आटोक्यात आणणे अधिक कठीण जाते. ‘रेमिशन’ म्हणजे आजार शांत होणे. कायमचा बरा झाला असे म्हणण्यासाठी काही वर्षांची देखरेख लागते.

घरात एक वही ठेवावी. डाव्या पानावर कागदावरील शब्द, उजव्या पानावर डॉक्टरांनी सांगितलेला मराठी अर्थ लिहावा. प्रत्येक भेटीला तीन प्रश्न विचारावेत : आज काय आढळले, आता कोणते आवर्तन, आणि कोणत्या लक्षणाला लगेच यायचे? रुग्णाला ऐकायचे असेल, तर ही वही त्याच्यासमोरच वाचावी. ज्याच्या शरीराविषयी हे सारे लिहिले आहे, त्याला अंधारात ठेवून घरातील इतरांनीच सगळे जाणून घेणे उचित नाही. आपल्या नोंदीतले शब्द ओळखीचे झाले की रुग्ण स्वतःच डॉक्टरांना सांगू लागतो : काल रात्री घाम आला नाही, ताप ९९ होता, वजन एक किलो वाढले. त्याच्या या तीन वाक्यांनी डॉक्टरांच्या नोंदीचा पहिला भाग पूर्ण होतो.